दोन संकलने, एक माणूस

मराठवाड्यातील एका तहसील कार्यालयात महसूल सहायक असलेल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेत त्यांच्याकडे हयातीच्या दाखल्यांचे आणि लाभार्थ्यांच्या बँक खात्यांचे संकलन, म्हणजे त्या विषयाच्या कामाचे टेबल, आहे. नवीन अर्जांची छाननी आणि समितीपुढे ठेवायच्या याद्या हे शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठ सहकाऱ्यांचे काम. ते ५६ वर्षांचे असून कार्यालयात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. भगिनी लिहितात: "भाऊसाहेब साडेअकराला येतात, मस्टरवर सही करतात आणि चहाला म्हणून जातात ते जेवणाच्या सुटीनंतरच दिसतात. 'पोरी, तेवढं बघून घे,' असे म्हणून त्यांनी वर्षभरापूर्वी ई-ऑफिस या संगणकीय फाइल प्रणालीचा आपला पासवर्डच मला देऊन टाकला. तेव्हापासून दोन्ही संकलने मीच सांभाळते. घरी पोहोचायला साडेआठ वाजतात आणि माझी मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आढावा बैठकीत मी तयार केलेली यादी त्यांनी सादर केली आणि तहसीलदार साहेबांनी त्यांचे कौतुक केले. नायब तहसीलदारांना सांगितले, तर 'तुम्ही दोघे आपसात बघून घ्या' म्हणाले. एके काळी भाऊसाहेबांच्या टिपण्या जिल्ह्यात नावाजलेल्या होत्या, असे जुने लोक सांगतात. वडिलांच्या वयाच्या माणसाची तक्रार करायला मन धजत नाही. शिवाय मी त्यांचे काम सोडले, तर बाहेर बाकावर बसलेल्या त्या बायकांना काय सांगू?"

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेला आहात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. भाऊसाहेब उशिरा येतात, चहाच्या टपरीवर रमतात, तुमच्या कामाचे श्रेय घेतात, हे सगळे खरे असेल आणि त्याचा त्रासही खरा आहे. पण वर्षभर तुम्ही दुसऱ्याच्या पासवर्डने शासकीय टिपण्या पुढे पाठवत आहात, हे त्याहून फार मोठे संकट आहे आणि ते एकट्या भाऊसाहेबांवर नाही, तुमच्यावरही आहे. ई-ऑफिसमध्ये प्रत्येक टिपणीवर ती कोणाच्या लॉगिनमधून गेली, कोणत्या दिवशी आणि किती वाजता गेली, याची नोंद राहते. म्हणजे तुम्ही रात्री आठपर्यंत बसून केलेले प्रत्येक काम दप्तरी भाऊसाहेबांच्या नावावर जमा झाले आहे आणि तुमच्या कष्टांचा पुरावा तुम्ही स्वतःच्याच हाताने पुसत आला आहात. उद्या एखाद्या पात्र विधवेचा अर्ज चुकून नामंजूर झाल्याचे किंवा अपात्र माणसाला अनुदान गेल्याचे निघाले, तर चौकशीत भाऊसाहेब एकच वाक्य बोलतील, की पासवर्ड मॅडमकडे होता. आणि ते वाक्य खरे असेल. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. तुमचा हेतू अप्रामाणिक नव्हता, हे मला पत्रावरून स्वच्छ दिसते, परंतु आपला हेतू चौकशी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करत बसण्याची वेळ माणसाने स्वतःवर आणू नये. म्हणून बाकी काही करण्याआधी, हे पत्र वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भाऊसाहेबांना त्यांचा पासवर्ड तुमच्यासमोर बदलायला सांगा आणि नवा पासवर्ड पाहू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सहकारी काम करत नाही, ही तक्रार माझ्याकडे अनेकांकडून येते आणि बहुतेकांचा समज असा असतो, की वरिष्ठांना सगळे दिसते, पण ते मुद्दाम डोळेझाक करतात. काही ठिकाणी तसे असतेही. परंतु तुमच्या कार्यालयात वरून काय दिसते, याचा विचार करून पाहा. दोन संकलने आहेत, दोन कर्मचारी आहेत, याद्या वेळेवर समितीपुढे जात आहेत, आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांच्या नोंदीच्या, म्हणजे कार्यविवरण नोंदवहीच्या, आठवडी गोषवाऱ्यात थकबाकी फारशी नाही आणि आढावा बैठकीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळत आहेत. तहसीलदारांनी या चित्रात दोष कुठे शोधावा? ते चित्र खोटे आहे आणि ते तुम्ही तुमच्या संध्याकाळी खर्च करून रंगवले आहे. भाऊसाहेब बदलतील की नाही, हे तुमच्या हातात नाही, पण कागदावरचे चित्र खरे करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे आणि या पत्रात मी तुम्हाला त्याहून वेगळे काहीही सांगणार नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला एक कारण आहे. मी स्वतः महसूल खात्यात नोकरी केली आणि सुरुवातीच्या वर्षांत एका कार्यालयात माझ्या शेजारच्या संकलनाचे काम जवळपास दोन वर्षे गुपचूप ओढले. ई-ऑफिस नव्हते, बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक शाखेतून, आलेले टपाल मी दोघांचे एकत्रच उचलत असे, टिपण्या लिहीत असे आणि शेजारचे गृहस्थ संध्याकाळी त्यावर आद्याक्षरी करत. मला त्यात एक प्रकारचा अभिमानही वाटत असे, हे कबूल करते. त्या काळात शाखेत आणखी एका कारकुनाची मागणी गेली होती, ती 'सदर शाखेत प्रलंबित प्रकरणे नाहीत' या शेऱ्यासह परत आली. पुढे माझी बदली झाली आणि माझ्या जागी एक नवीन मुलगा आला. त्याने स्वतःचे संकलन नीट सांभाळले, शेजारच्या संकलनाला हातही लावला नाही, जे अगदी योग्य होते. पण दीड-दोन महिन्यांत तिथे कागदांचा डोंगर साचला आणि वरिष्ठांनी निष्कर्ष असा काढला, की पूर्वी शाखा सुरळीत चालत होती आणि हा नवा मुलगा आल्यापासून बिघडली. कारणे दाखवा नोटीस त्याला मिळाली. त्याचा पहिलाच पगार झाला होता. तो मला विचारायला आला, तेव्हा काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही, कारण त्या नोटिशीला माझे दोन वर्षांचे मौन कारणीभूत होते. तुम्हीही कधीतरी बदलून जाल, प्रसूती रजेवर किंवा आजारपणाच्या रजेवर जाल, आणि तेव्हा तुमच्या खुर्चीवर बसणाऱ्याला हेच भोगावे लागेल.

भाऊसाहेबांशी बोलण्याआधी एक गोष्ट मात्र नीट पारखून घ्या. काम न करणारा माणूस आणि काम न येणारा माणूस लांबून अगदी सारखे दिसतात. तुम्हीच लिहिले आहे, की एके काळी त्यांच्या टिपण्या जिल्ह्यात नावाजलेल्या होत्या. शासन निर्णयाचा अर्थ लावून, आधीच्या प्रकरणांचे दाखले देऊन, अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाईल अशी टिपणी लिहिणे हे आळशी माणसाचे काम नाही. ती हातोटी वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येते. असा माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात अचानक टपरीवर जाऊन बसू लागतो, तेव्हा त्याला खरोखर कंटाळा आला आहे, घरी काही दुखणे आहे, की पडद्यासमोर बसल्यावर आपल्याला काहीच जमत नाही आणि हे विशीतल्या-तिशीतल्या पोरांना दिसेल, या भीतीने तो खुर्ची टाळतो आहे, हे पाहिले पाहिजे. त्यांनी पासवर्ड देऊन टाकला, यावरून मला तिसरी शक्यता अधिक वाटते. निव्वळ कामचुकार माणूस फायली तुमच्या टेबलावर सरकवतो. पासवर्डच देऊन टाकणाऱ्या माणसाला तो पडदाच नकोसा झालेला असतो. माझा अंदाज चुकीचाही असेल. तो तपासायला फार वेळ लागत नाही: एखादी कागदी फाइल, एखाद्या नामंजूर अर्जावरील हरकत किंवा गुंतागुंतीचे वारसा प्रकरण त्यांच्यापुढे ठेवा आणि "यात तुमचे मत हवे होते," असे म्हणा. त्यांनी चष्मा लावून ती फाइल वाचायला घेतली, तर तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी ती न उघडताच तुमच्याकडे सरकवली, तर तुमचा मूळ समज बरोबर होता.

बोलणे दोघांतच व्हावे. संजय गांधी शाखेत दिवसभर माणसांची वर्दळ असते, म्हणून सकाळी लवकर किंवा अभ्यागत पांगल्यानंतरची वेळ साधा. सुरुवात तक्रारीने करू नका आणि माफी मागूनही करू नका. असे म्हणता येईल: "भाऊसाहेब, गेले वर्षभर नवीन अर्जांचे काम मी तुमच्या लॉगिनमधून करते आहे. ते नियमाला धरून नाही आणि उद्या काही निघाले, तर तुम्ही आणि मी दोघेही अडकू. पुढच्या सोमवारपासून मी ते करणार नाही. पद्धत तुम्हाला शिकायची असेल, तर आठवडाभर रोज अर्धा तास मी तुमच्याजवळ बसेन, पण हात तुमचा चालला पाहिजे." शेवटचे वाक्य गाळू नका. शिकवण्याच्या निमित्ताने पुन्हा तुम्हीच करून देण्याचा मोह होईल, कारण तुम्ही भरभर कराल आणि त्यांना एका अर्जाला वीस मिनिटे लागतील. त्या वीस मिनिटांत गप्प बसून राहणे तुम्हाला कामापेक्षाही अवघड जाईल. ते म्हणतील, "पोरी, माझी दोनच वर्षे राहिलीत, कशाला शिकवतेस?" त्यावर रागावू नका, पण हसून विषय सोडूनही देऊ नका. सोमवार हा शब्द पुन्हा उच्चारा.

या बोलण्यातून एखादी वाटणी निघाली, जसे कागदपत्रांची पारख, त्रुटीपत्रे, तलाठ्यांशी पत्रव्यवहार, समितीपुढील टिपणीचा मजकूर हे त्यांनी पाहायचे आणि संगणकावरील नोंदी तुम्ही करायच्या, तर ती मला चांगलीच वाटेल, कारण त्यात त्यांच्या अनुभवाचा मान राहतो. मात्र ही वाटणी तुम्हा दोघांच्या समजुतीवर राहता कामा नये. कार्यालयात कोणाकडे कोणते काम, हे कामकाज वाटपाच्या लेखी आदेशाने ठरते आणि तो आदेश काढणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. नायब तहसीलदारांनी "आपसात बघून घ्या" असे म्हणून ते कर्तव्य तुमच्यावर ढकलले आहे. ते तसे म्हणू शकले, कारण तुम्ही तोंडी सांगितलेत. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला आवक क्रमांक पडत नाही.

म्हणून आता एका पानाची टिपणी लिहा. तीत भाऊसाहेबांविषयी एकही विशेषण नको. 'कामचुकार', 'बेजबाबदार', 'नेहमीच गैरहजर' हे शब्द लिहिलेत, की चर्चा तुमच्या स्वभावावर सुरू होईल. साधारण असा मजकूर पुरे: "माझ्याकडे हयातीचे दाखले व बँक खाती हे संकलन आहे. त्याशिवाय मागील वर्षभर नवीन अर्जांच्या छाननीचे कामही प्रत्यक्षात मी पाहत आले आहे. दोन्ही संकलनांकडे दरमहा येणाऱ्या अर्जांची आणि आजच्या प्रलंबित प्रकरणांची संख्या सोबतच्या तक्त्यात दिली आहे. अमुक तारखेपासून मी केवळ माझ्या लॉगिनमधून माझ्या संकलनाचे काम करीन. नवीन अर्जांचे काम माझ्याकडे द्यावयाचे असल्यास तसा लेखी आदेश व्हावा आणि माझ्या सध्याच्या कामाचे फेरवाटप व्हावे, ही विनंती." तक्ता अचूक असू द्या, कारण अधिकारी आधी तक्ताच पाहतात. टिपणी ई-ऑफिसमधून स्वतःच्या लॉगिनने पाठवा. कागदावर दिलीत, तर पोच घ्या. पासवर्डच्या वापराचा उल्लेख टाळावासा वाटेल, पण तो एका वाक्यात स्वतःहून करणे मला अधिक सुरक्षित वाटते. चूक स्वतः सांगणारा कर्मचारी आणि चूक पकडला गेलेला कर्मचारी यांच्याकडे कार्यालय एका नजरेने पाहत नाही.

साहेब दखल घेतील का, अशी शंका तुमच्या मनात असणारच. त्यांना दखल घ्यावी लागेल अशी तरतूद कायद्यात आहे. 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५' हा १ जुलै २००६ पासून अमलात आहे. कर्मचारी त्याला 'बदल्यांचा कायदा' म्हणूनच ओळखतात आणि नावाचा उत्तरार्ध विसरतात. त्या उत्तरार्धात असे सांगितले आहे, की कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहू नये, आणि जाणूनबुजून केलेला विलंब किंवा दुर्लक्ष हे शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरते. अशी बाब निदर्शनास आणून दिल्यावर गप्प राहणे सक्षम अधिकाऱ्यालाही अडचणीचे होते. तुमच्या टिपणीत या कायद्याचा धाक घालू नका. सात दिवसांवरील प्रकरणांचा एक वेगळा रकाना तक्त्यात ठेवा, वाचणाऱ्याला तेवढे पुरे होते.

वडिलांच्या वयाच्या माणसाची तक्रार, हा तुमच्या मनातला काटा मी हलका समजत नाही. आपल्याकडे वयाचा मान राखणे ही चांगली गोष्ट आहे आणि ती सोडून द्या, असे मी कधीच म्हणणार नाही. पण भाऊसाहेबांच्या हिताचा हिशेब मांडून पाहा. ते ५६ वर्षांचे आहेत, गट 'क' च्या कर्मचाऱ्याचे निवृत्तीचे वय ५८ आहे. निवृत्तीच्या वेळी विभागीय चौकशी चालू असली, तर माणसाला तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर घरी जावे लागते आणि उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम चौकशी संपेपर्यंत अडकून पडते. त्या रकमेच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवलेली, घराचे कर्ज फेडायला निघालेली माणसे मी जिल्हा कोषागाराच्या पायऱ्या झिजवताना पाहिली आहेत. भाऊसाहेबांच्या लॉगिनमधून गेलेल्या वर्षभराच्या टिपण्या त्यांनी वाचलेल्याच नाहीत आणि त्यांतील प्रत्येकीसाठी ते जबाबदार आहेत. आज हे थांबले, तर दुरुस्तीला दोन वर्षे मिळतात. पदभार सोडण्याच्या आठवड्यात उघडकीस आले, तर एक दिवसही मिळणार नाही. तुम्ही त्यांना वडिलांच्या ठिकाणी मानत असाल, तर ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. त्यांच्या रिकाम्या खुर्चीचे मोबाइलवर फोटो काढू नका, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर सूचक मजकूर टाकू नका, इतर शाखांतील मैत्रिणींशी रोज या विषयावर बोलू नका. त्यांच्या येण्या-जाण्याची वेळ हा मस्टरचा आणि हालचाल नोंदवहीचा प्रश्न आहे, तो अधिकाऱ्याने पाहावा. तुमची वेळ मात्र तुम्ही पाळा. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ठरली. समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी थांबावे लागले तर थांबा, एरवी सव्वासहाला उठा. पहिले काही दिवस उठताना अपराधी वाटेल. तुमच्या पाच वर्षांच्या मुलीने वर्षभर जी वाट पाहिली आहे, तीही कुठेतरी मोजली गेली पाहिजे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि पत्रातले ते एक वाक्य वाचून तुमच्याविषयी मला मनापासून आदर वाटला. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला जोडावा लागतो, त्या घरात महिन्याचे १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये येणे म्हणजे काय, हे बाकावरच्या त्या बायकांना आणि तुम्हाला माहीत आहे. अर्ज समितीच्या एका बैठकीतून पुढच्या बैठकीत गेला, की तेवढे महिने दुकानदाराची उधारी वाढते. म्हणूनच एका दिवसात हात काढून घेऊ नका. टिपणी द्याल त्या दिवशी प्रलंबित असलेल्या सगळ्या अर्जांची यादी करा. पुढच्या बैठकीपुरती ही एकच यादी, नायब तहसीलदारांच्या लेखी परवानगीने, स्वतःच्या लॉगिनमधून निकाली काढण्याची तयारी दाखवा. त्यानंतर येणारे अर्ज आदेश ज्याच्या नावे असेल त्याचे.

आणि त्या बायकांना खरे तेच सांगा. "उद्या या" असे सांगू नका, कारण उद्याच्या येण्यात तिची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. अर्जाचा क्रमांक तिच्या पोचपावतीवर ठळक अक्षरांत लिहून द्या, अर्ज छाननीत आहे, त्रुटीत आहे की समितीपुढे आहे ते सांगा, त्रुटी असेल तर नेमका कोणता कागद आणायचा ते तिला किंवा तिच्या सोबतच्या माणसाला लिहून द्या, आणि अर्ज भाऊसाहेबांच्या संकलनात असेल, तर तिला त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवा. ते आल्यावर ती त्यांच्याशी बोलेल. वर्षभर तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.